टर्बोला हलका पाय

इंदापुरातल्या एका लग्नाला आम्ही अगदी वेळेवर पोहोचलो, तरी अक्षता चुकल्या. कार्यालयाच्या आत शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं आणि बाहेर आम्ही चौघं नटूनथटून, एसी लावून, गाडीत बसलो होतो. कारण आबांनी इंजिन बंद केलं नव्हतं. टर्बोची गाडी लांबून पळत आली की तडकाफडकी बंद करायची नाही, तिला उभ्या उभ्या जरा दम खाऊ द्यायचा, असा आमच्या घरचा नियम होता. इंजिन चालू असताना आबा गाडी सोडत नसत आणि आबा गाडीत असताना उतरून पुढं जायची आमची कुणाची प्राज्ञा नव्हती. आत वाजंत्री कडाडली. सासूबाईंनी काचेतूनच नवरा-नवरीच्या दिशेनं हात जोडले. लोक पंगतीकडे पळायला लागले तेव्हा आबा म्हणाले, “झाली आता थंड. चला.” त्या दिवशी पंगतीत मी आबांशी एक शब्द बोलले नाही, नुसत्या जिलेब्या खाल्ल्या.

आबा म्हणजे माझे सासरे. कळसला आमची पेरूची बाग आहे, थोडी द्राक्षं आहेत, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची असते. आबांनी सगळं आयुष्य जीपमध्ये काढलं. रोपं, खतं, क्रेट, पाहुणे, आजारी माणसं, सगळं त्या जीपमधून गेलं. पण मनात त्यांना वेगाचं वेड होतं. ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि साठी ओलांडल्यावर एकदम उघड्यावर आणलं. पुण्याच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी परदेशी कंपनीची जुनी गाडी घेतली. काळीभोर, लांब, बुटकी, डिकीवाली, चामड्याच्या सीटांची. आतमध्ये ‘स्पोर्ट’ असं लिहिलेलं एक बटण होतं. पुण्याहून कळसला येईपर्यंत गतिरोधकांवर तिचं पोट दोनतीनदा घासलं. वेशीतून आत येताना कुणीतरी विचारलंच, “आबा, ह्यात पेरूचं क्रेट किती बसत्यात?” आबांनी काच वर केली.

त्या गाडीचं इंजिन टर्बोचं होतं आणि तिथून आमच्या घरात वादाला तोंड फुटलं. टर्बो म्हणजे काय हे मला आता झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटा पंखा फिरवतो, त्या जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबली जाते, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. आमच्याकडे टर्बो हा शब्द काही नवीन नाही. उसाच्या ट्रकांच्या मागं तो फुलापानांत रंगवलेला असतो आणि ट्रॅक्टर घेताना तर पोरं तोच शब्द आधी विचारतात. पण पेट्रोलच्या, दिखाऊ, बसक्या गाडीला टर्बो म्हटल्यावर गावातला प्रत्येक जण जाणकार झाला. उन्हाळ्यात तो लाल होतो आणि बॉनेट पेटतं, असं एकाचं म्हणणं. सोलापूरच्या बाजूला अशी एक गाडी उभ्या उभ्या जळाली, ती त्याच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्यानं पाहिली होती. दुसरा म्हणे, धुळीनं पंख्याची पाती झिजतात आणि मग गाडी नुसती शिट्टी मारते. आबा चहाच्या टपरीवर हे सगळं ऐकून घ्यायचे आणि मिश्यांत हसायचे. अफवांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, निदान गाडीबद्दलच्या.

त्यांचा खरा सामना बारामतीत व्हायचा. तिथं चाचांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. चाचा आणि आबा शाळेत एका बाकावर होते. चाचांच्या घरच्यांचा तीन पिढ्यांचा व्यापार, आबांच्या घरची शेती. पण एकाच्या घरचा ईदचा शीरखुर्मा आणि दुसऱ्याच्या घरचे दिवाळीचे अनारसे आजवर चुकलेले नाहीत. दुर्दैवानं, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या दुर्दैवानं, चाचांकडेही त्याच कंपनीची गाडी होती. तिच्यातलं इंजिन जुन्या पद्धतीचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं.

“उसना दम हाय तो,” चाचा गल्ल्यावरून सुरू करायचे. “माझी गाडी सोताच्या छातीनं पळती. तुझीला फुंकर मारावी लागती.”

“तुझी छातीनं पळती आन् पेट्रोल घागरीनं पिती,” आबा म्हणायचे.

“आवाज ऐक कवातरी माझ्या गाडीचा. सतारीवानी वाजती.”

“मंग गादीवर बसवून वाजीव की. रस्त्यावर कशाला आणतूस?”

चाचांच्या मोबाइलवर रोज काहीतरी नवीन यायचं. कंपनी टर्बो बंद करणार आहे. पुढच्या मॉडेलला परत सहा सिलिंडर येणार आहेत. नाही, सहा नाही, तीनच येणार आहेत आणि सोबत बॅटरी. आपल्याकडच्या उन्हाला टर्बो टिकत नाही म्हणून परदेशातल्या इंजिनिअरांनी हात टेकलेत. हे सगळं कोण म्हणतंय असं आबांनी विचारलं की चाचा मोबाइल उंच धरून म्हणायचे, “हितं आलंय.” दुकानात बेअरिंग घ्यायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा वादात उतरायची आणि बेअरिंग विसरून जायची. मी हे सगळं बाकड्यावर बसून ऐकायची, कारण त्यांचा वाद संपल्याशिवाय मला घरी जाता येत नसे.

आता माझं सांगते. मी लोणी भापकरची. तो बारामतीचा जिरायती भाग, माझ्या वडिलांचा दुधाचा धंदा. दुधाचे कॅन घेऊन पिकअप हाकत मी कॉलेजच्या वयात भल्या सकाळी संकलन केंद्रावर जायची. गिअर घट्ट, स्टेअरिंग जड, हॉर्न कधी वाजायचा कधी नाही. पण गाडी माझ्या हातात असायची. लग्न होऊन कळसला आले आणि माझं लायसन कपाटात साड्यांच्या खाली गेलं. इथं मी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवते. टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची रोपं आजूबाजूचे शेतकरी आमच्याकडून नेतात. बी, ट्रे, कोकोपीट यासाठी सारखं बारामतीला जावं लागतं आणि दर वेळी मला कुणाची तरी मनधरणी करावी लागायची. नवऱ्याला वेळ असेल तर तो, नाहीतर आबा, नाहीतर एसटी.

एकदा मी नवऱ्याला म्हटलं, “आबांची गाडी मी नेते.” तो असा बघायला लागला, जणू मी देवघरातली मूर्ती खेळायला मागितली होती. “मीच हात लावत नाही तिला,” तो म्हणाला. “आणि तसंही ती ठेवायची नाही आपल्याला. आबांचं चालवणं थांबलं की काढून टाकू, एखादी उंच गाडी घेऊ. सगळे बसतील, क्रेटही बसतील.” तो चुकीचं बोलत नव्हता. पण मला ती उंच गाडी नको होती. मला ती काळी, बसकी, बिनकामाची गाडी चालवायची होती. तिच्यात डावीकडे बसून बसून मला तिचा जोर पाठीला कळायला लागला होता आणि हात शिवशिवायचे. हे मी कुणाला सांगितलं असतं तर सगळे हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

मग एका हिवाळ्यात आबा सावकाश गाडी चालवायला लागले. स्पोर्टचं बटण दाबणं बंद झालं. उसाच्या ट्रॉलीमागं लागले की लागलेच. समोर रस्ता मोकळा असला तरी पुढं काढायची नाही. “टर्बोला सारखं दामटायचं नसतं,” असं म्हणायचे. गावानं हेही ज्ञान म्हणून उचललं. मलाही आधी खरंच वाटलं.

एका सकाळी आम्ही दोघं बारामतीला निघालो होतो. शेजारच्या बागेच्या बांधावर ठिबकमधून खत सोडायचा निळा ड्रम उभा होता आणि त्याच्यावर कुणीतरी वाळायला पोतं टाकलं होतं. आबांनी गाडी आणखी हळू केली, काच खाली घेतली आणि ड्रमला हात करून म्हणाले, “राम राम! लवकर आलाय आज!” ड्रम काही बोलला नाही. आबा काच वर करत पुटपुटले, “ताठ झालाय लई.”

मला आधी हसू आलं आणि लगेच कळलं. आबांना दिसत नव्हतं. थोडंफार दिसत असेल, पण गाडी चालवण्याइतकं नाही.  पुढचा सगळा रस्ता मी त्यांच्या वतीनं बघत होते आणि साध्या गप्पा मारल्यासारखं सांगत होते. “आबा, पुढं शाळेची पोरं आहेत बरं का.” “आबा, हा ट्रकवाला बघा कसा मध्येच वळतोय.” ते हं हं करत होते. आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो आणि गाडी त्यातून कशीबशी बारामतीत पोहोचली. मी देवाचे आभार मानले आणि ठरवलं की आज घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं. सांगणं भागच होतं.

सांगायची वेळच आली नाही. त्याच दिवशी चाचांच्या दुकानात नेहमीचा वाद रंगला असताना आबांनी अचानक नवाच मुद्दा काढला.

“टर्बोला हलका पाय लागतोय,” ते म्हणाले. “पाय दिला की गाडी आदी थबकती, मंग उसळती. बापय माणसाला त्येवढा दम धरवत न्हाय. त्यो आनखी दाबतोय. तितंच टर्बो मरतोय. बाईला बरुबर कळतं. दूध उतू जायच्या आदी ग्यास कोण बारीक करतं? तू करतूस?”

चाचांनी हातातला मोबाइल गल्ल्यावर ठेवला. “म्हंजे?”

“म्हंजे आजपास्नं गाडी सूनबाई चालवणार.”

आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या डोक्यात एकदम दोन गोष्टी झाल्या. बाईला दूध तापवता येतं म्हणून गाडी, या शहाणपणाचा मला संताप आला. माझं पक्कं लायसन होतं, मी दुधाची पिकअप खड्ड्यांतून पळवली होती, त्याचं काही नाही! आणि दुसरीकडे मला कळलं की आबांनी स्वतःहून स्टेअरिंग सोडलं आहे, कुणालाही काही कळू न देता. संताप गिळला आणि किल्ली घेतली.

ती गाडी पहिल्यांदा हातात आली तो दिवस मी विसरणार नाही. क्लच नव्हता, त्यामुळे डावा पाय उगाचच शोधत राहिला. पाय दिला. खरंच, ती क्षणभर थबकली, आणि मग असं काही ओढून घेतलं की पाठ सीटला चिकटली. मी मोठ्यानं ओरडले. आबा शेजारी बसून खुशीत म्हणाले, “आला का दम?” मला फार म्हणजे फार आनंद झाला होता. आजही तो रस्ता आला की थोडा होतोच.

घरी नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण आबांच्या सिद्धान्तापुढं त्याचं काही चाललं नाही. तो सिद्धान्त मात्र आमच्याआधी गावभर पळाला. टपरीवर चर्चा झाली. ज्यांच्या घरी टर्बोची गाडी होती त्यांनी आपापल्या पायांकडे संशयानं पाहिलं. सणसरच्या एका बागायतदारानं तर बायकोला गाडी शिकवायला घेतली. काही महिन्यांनी रोपं न्यायला आलेला एक अनोळखी माणूस मलाच सांगायला लागला, “ताई, परदेशात संशोधन झालंय. टर्बो गाडी बायकांनी चालवली की जास्त टिकती.” मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “कुठं आलंय हे?” तो म्हणाला, “मोबाइलवर.” आबा मागं पेरू मोजत होते, त्यांचे खांदे हलत होते.

असं वर्षभर चाललं. मी चालवायची, आबा डावीकडे बसायचे आणि विचारायचे. “सणसरात ऊस तुटला का?” “कालव्याला पाणी हाय का?” “त्या वळणावरच्यानं द्राक्षं काढली म्हणं. काय लावलंय आता?” मी सगळं सांगायची. पानं पिवळी पडलीत, शेडनेट फाटलंय, डाळिंबाला बहर धरलाय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आबा आणि मी कामाशिवाय असे कधी बोललोच नव्हतो. सासरा आणि सून काय बोलणार? जेवायला वाढू का, आणि वीज आली का. आता आम्ही कळसपासून बारामतीपर्यंत बोलत जायचो. डोळ्यांबद्दल मात्र ते काही काढत नसत आणि मीही नाही. नवऱ्याला कळलं तर त्याच आठवड्यात गाडी विकली जाईल, ही भीती त्यांना होती. मलाही होती, हे कशाला लपवू. गाडी आता माझ्याच हातात होती, म्हणून नवऱ्याला सांगायची घाई मला वाटेनाशी झाली.

गोष्ट फुटली ती चाचांच्या दुकानात. नवीन मॉडेलचा फोटो आला होता. टर्बो राहणार की जाणार, यावर सकाळपासून जुंपली होती. चाचांनी फोटो उघडून मोबाइल आबांच्या समोर धरला. “बग! बग आन् सांग!” धरता धरता त्यांचा अंगठा सरकला आणि पडद्यावर त्यांच्या नातीचा फोटो आला. पुढचे दोन दात पडलेली, खिदळणारी पोर. मला दिसलं, पण सांगेपर्यंत उशीर झाला होता.

आबांनी मान मागं घेतली, डोळे बारीक केले आणि जाणत्यासारखं म्हणाले, “पुढची जाळी जरा मोठी केलीया. बाकी झकास.”

चाचांनी मोबाइल आपल्याकडे वळवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.  आता चाचा हसतील, काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, “तू म्हंतूस ते बरुबर हाय गड्या. टर्बोच भारी.”

आबा ताडकन उठले. “चल सूनबाई,” म्हणाले आणि चहा न घेता बाहेर पडले.

गाव मागं पडलं तसे आबा सीटमध्ये पुढं सरकले. मग म्हणाले, “त्यानं माघार का घेतली?”

मी गाडी हळू केली.

“शाळेपास्नं वळखतोय मी त्येला. एकदा सुदिक त्यानं माझं खरं म्हटलं न्हाय. आज का म्हटलं? काय व्हतं मोबाइलवर?”

मी गाडी कडेला घेतली. “नातीचा फोटो होता, आबा,” मी म्हटलं. “तुम्हाला दिसत नाही. मला खूप दिवस माहीत आहे.”

ते समोरच्या काचेकडे तोंड करून बसले. एवढा उंचापुरा माणूस, पण सीटमध्ये लहान झाल्यासारखा वाटला मला. “सगळं धुकट धुकट दिसतंय,” ते म्हणाले. “मोतीबिंदू हाय म्हणं. दोन सालं झाली डाक्टरनं सांगितलं त्येला.”

“मग ऑपरेशन का नाही केलं?”

“तिकडं कळाशी गावातल्या एकाचा डोळाच गेला की ऑपरेशननं.”

“कुणाचा?”

त्यांना नाव सांगता येईना. कुणीतरी टपरीवर सांगितलं होतं, त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं. माझा पारा चढला. मी चांगलीच बोलले त्यांना. टर्बो पेटतो म्हटलं तर मिश्यांत हसता, आणि डोळा जातो म्हटलं की लगेच खरं? गाडीच्या अफवा खोट्या आणि डोळ्याच्या खऱ्या, हा कुठला न्याय? सासऱ्याशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ. बोलून झाल्यावर मीच घाबरले. आबा मात्र शांत होते. “आरडू नगंस,” ते म्हणाले. “मला भ्या वाटलं. झालं?” हे त्यांनी इतकं साधं सांगितलं की माझा राग कुठल्या कुठं गेला.

त्या संध्याकाळी आम्ही घरात सगळं सांगून टाकलं. नवरा चिडला नाही. तो आबांच्या शेजारी येऊन बसला. गाडी विकायचं नावही त्यानं काढलं नाही. ऑपरेशनला चाचाच सोबत आले. त्यांचे स्वतःचे दोन्ही डोळे आधीच झाले होते, हे त्या दिवशी कळलं. “सांगितलं का न्हाईस लेका?” आबांनी विचारलं. “तू टर्बोतनं सवड दिलीस कवा?” चाचा म्हणाले. आबांच्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा समोर चाचाच उभे होते. आबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, “किती म्हातारा झालास रं.” आणि दोघंही लहान पोरांसारखे हसत सुटले. पुढं दुसरा डोळाही नीट झाला.

काळा चष्मा लावून, थेंब घालून, सगळी पथ्यं पाळून झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि घरी येऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा रडू आलं. माणसाला दृष्टी परत मिळाली आणि मी रडते कशाला, असं स्वतःलाच बोलले. पण आता ती किल्ली परत जाणार होती. माझी आणि त्यांची ती बोलत जायची वाटही जाणार होती.

झालंही तसंच. एका सकाळी मी बी आणायला निघाले तर आबा गाडीपाशी उभे होते. “आन ती किल्ली,” म्हणाले. मी दिली. डावीकडचं दार उघडून मी बसले. आबांनी आरसे नीट केले, सीट मागं घेतली. माझी सीट होती ती. स्पोर्टचं बटण दाबलं. आणि अशी गाडी काढली की मी दाराचं हॅण्डल धरून बसले. म्हातारबुवा विसरले नव्हते. ट्रॉली मागं टाकल्या, टेम्पो मागं टाकला, वळणं कशी अलगद घेतली. चेहरा असा खुलला होता की मला त्यांचा हेवाही वाटला आणि बरंही वाटलं. आबा रस्त्याकडे डोळे लावून बसले होते, बोलत नव्हते. मीही बोलले नाही. त्यांना माझ्या बोलण्याची आता गरजच नव्हती.

सणसरच्या अलीकडे त्यांनी गाडी एका लिंबाखाली कडेला घेतली आणि उतरले.

“काय झालं आबा? डोळ्याला काही होतंय का?”

“कायबी न्हाय. हो तिकडं. तू चालीव.”

“का? नीट दिसत नाही का?”

“दिसतंय म्हणून तर,” आबा म्हणाले. “चालवताना निसता रस्ता दिसतोय गं. आख्खं साल मी तुझ्याकडनं ऐकलं, हितं हे लावलंय, तितं ते काढलंय. आता डोळं आल्यात तर मला ते बगू दी की. आन् चालवणारा माणूस बोलतोय कुठं? गप बसून आलो आपण हितवर. मला न्हाय करमलं.”

मी उतरून गाडीच्या पुढून फिरून पलीकडे गेले. आबा डावीकडे येऊन बसले, काच खाली केली आणि उसाच्या तुऱ्यांकडे बघायला लागले. मी सीट पुढं ओढली, हात स्टेअरिंगवर ठेवले, पण समोरचा सगळा रस्ता पाण्यात बुडाल्यासारखा दिसायला लागला. पदरानं पुसलं तरी परत येत होतं.

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“डोळं नीट पूस आदी,” ते म्हणाले. “गाडी चालवणाऱ्याला दिसाय पायजे.”